चारच्या उन्हातले अप्पा

थंडी पडली की आमच्या शिरगावच्या सोसायटीला व्यायाम आठवतो. एरवी एका मजल्यासाठी लिफ्टची वाट बघणारी माणसं कानटोप्या घालून, हात झुलवत सकाळी रस्त्याला लागतात. समोरच्या डोंगरांवर धुकं असतं, अर्धवट बांधलेल्या टॉवरांच्या रिकाम्या मजल्यांमधून ते आरपार दिसतं. परतताना टपरीवर आल्याचा चहा होतो. मग सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षीचा वाद सुरू होतो. व्यायाम सकाळी चांगला की संध्याकाळी? सकाळवाले म्हणतात, रिकाम्या पोटी, मोकळ्या हवेत. संध्याकाळवाले म्हणतात, दिवसभरानं अंग मोकळं झालेलं असतं, सांधे ऐकतात. कुणीतरी एखाद्या डॉक्टरचा व्हिडिओ टाकतं, दुसरं कुणी त्याच्या बरोबर उलट सांगणारा.

मी सगळं वाचते आणि फोन पालथा ठेवते. त्या ग्रुपवर मी कधी काही लिहिलं नाही. या प्रश्नाशी माझा एकदाच संबंध आला, एका थंडीत, उल्हासनगरला. तेव्हा मी सकाळ निवडली होती. खरं तर निवडली म्हणणंही बरोबर नाही. माझ्याजवळ सकाळच तेवढी होती.

तेव्हा मी आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, कॅम्प नंबर चारमध्ये एका जुन्या दुमजली इमारतीत राहायचो. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी लग्न केलं नव्हतं, आणि त्याचं आम्हा दोघांनाही आता काही वाटेनासं झालं होतं. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअर्समध्ये मी कामाला होते. दिवाळीच्या तोंडावर एका पहाटे अप्पा उठायला गेले आणि उजव्या अंगावर कोसळले. हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा बोलणं थोडं जड झालं होतं, पाय ओढत होता, आणि उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असायचा, दुसऱ्या कुणाचा तरी आणून ठेवल्यासारखा.

व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी काही दिवस घरी आली. मुठीत चेंडू दाबायचा, दोन्ही हातांची बोटं गुंफून वर न्यायची, खुर्चीतून आधाराशिवाय उठायचं, आणि भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, मुंगी चढते तशी. तिनं सांगितलं की पहिले काही महिने फार मोलाचे असतात, त्यात जे परत येईल ते येईल. मी विचारलं, कुठली वेळ चांगली? ती म्हणाली, आजोबा ज्या वेळी ताजेतवाने असतील ती धरा, आणि मग ती मोडू नका.

अप्पा ताजेतवाने कधी असतात ते मला ठाऊक नव्हतं. कामाच्या दिवशी घरात मी सकाळी असायची आणि रात्री. रात्री ते थकलेले असत. कंपनीची बस सकाळी लवकर नाक्यावर यायची, त्याच्या आधी जो वेळ होता तो मी त्यांना दिला. शिवाय सकाळबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. चांगल्या गोष्टी सकाळी करायच्या असतात, हे कुणी न सांगता आपल्या अंगात मुरलेलं असतं. अभ्यास पहाटेचा, देवपूजा सकाळची, व्यायामही सकाळचा. संध्याकाळी आपण फक्त उरलेलं उरकतो.

अप्पांच्या आयुष्यात मात्र सकाळ अशी नव्हतीच. महाडकडच्या गावातून आलेला हा माणूस अंबरनाथच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि तिन्ही पाळ्यांत फिरत राहिला. पहिली पाळी असली की आम्ही उठायच्या आत गेलेले असत. रात्रपाळी असली की मी शाळेला निघताना झोपायला आलेले. आमच्या घरात सकाळी भांडं वाजवायचं नाही, दप्तर आपटायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, असा आईचा नेम होता. अप्पांची ओळख व्हायची ती दुपारनंतर. चहा घेऊन ते गॅलरीत बसत आणि बोलायला लागत. गावाकडची नदी, कारखान्यातली माणसं, कुणी कुणाला कसं फसवलं, कुणाच्या डब्यातलं मटण कुणी खाल्लं. बोलायला लागले की थांबत नसत. हे मला सगळं माहीत होतं. पण वेळ ठरवताना आठवलं नाही, आणि आठवून करणार काय होते?

त्या थंडीतल्या सकाळी अजून डोळ्यांसमोर आहेत. बाहेर अंधार. कारखान्यांच्या सांडपाण्याच्या वालधुनी नदीवरून येणारा उग्र वास थंडीत जमिनीलगत साचून राहायचा, म्हणून खिडक्या बंद. पोळ्या आणि भाजी करून मी डबे भरायची, एका वाटीत तेल कोमट करायची आणि अप्पांना उठवायची. हाताला तेल चोळायचं, एकेक बोट सरळ करायचं, मग व्यायाम. मी आकडे मोजायची. ‘अप्पा, कोपर वाकवू नका. श्वास धरून ठेवू नका. अजून एकदा.’ भिंत गार असायची आणि त्यांची बोटं आखडलेली. छातीपर्यंत चढत आणि तिथून घसरत. ते एक शब्द बोलत नसत. सांगेन तेवढं करत, डोळे माझ्याकडे नाहीतर भिंतीकडे. नाक्यावर बसचा हॉर्न वाजायच्या आत मला जिना उतरायचा असायचा. निघताना मी शेजारच्या दारावर टकटक करायची. म्हणजे आता तुमचं लक्ष असू द्या.

शेजारी मोहिनीआंटी राहायच्या. सिंधी, साठीच्या पुढच्या, एकट्या. मुलगा इंदूरला. त्या पापड लाटायच्या. मिरी-जिऱ्याचे मोठे, पातळ पापड. आमच्या दोन्ही घरांच्या सामाईक गॅलरीत खाट टाकून त्यावर ते वाळत असत आणि अख्ख्या मजल्याला मिरीचा वास असायचा. अप्पा आजारी पडल्यावर त्यांनी स्वतःहून सांगितलं, ‘सुमन बेटा, तू टेन्शन मत ले. दरवाजा खुला ठेव, मी आहे ना इकडे.’ दुपारी त्या अप्पांना ताट वाढून द्यायच्या. एवढंच मला माहीत होतं.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. दर रविवारी घर पुसताना गॅलरीच्या भिंतीवर पांढरे डाग दिसायचे. पिठाच्या बोटांचे, एकावर एक, वर चढत गेलेले. मला वाटायचं, आंटी पापडाच्या हातानं भिंतीला टेकत असतील. मी ओल्या फडक्यानं ते पुसून टाकायची. पुढच्या रविवारी पुन्हा असायचे, थोडे अजून वर.

डिसेंबर सरला. अप्पांच्या हातात फरक पडू लागला होता, पण सकाळी तो कमी दिसायचा. एका रविवारी संध्याकाळी मात्र चहाचा कप त्यांनी उजव्या हातानं उचललेला मी पाहिला. मला वाटलं, माझ्या सकाळींना फळ येतंय. बसमध्ये शेजारच्या बाईंना मी तसं सांगितलंही.

जानेवारीत एका दुपारी एमआयडीसीतली वीज गेली. मोठा बिघाड होता. आम्हाला लवकर सोडलं. नाक्यावर उतरले तेव्हा चार वाजून गेले असतील. त्या वेळची आमची गल्ली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. खाली जीन्स शिवणाऱ्यांच्या मशिनी चालू होत्या, दारात निळ्या कापडाचे ढीग पडले होते, आणि इमारतीच्या पश्चिमेच्या अंगावर, आमच्या गॅलरीवर, पिवळं मऊ ऊन पसरलं होतं. थंडीतलं ऊन त्या वेळी तिरकं आत यायचं आणि भिंत शेकून निघायची. हे मला त्या घरात राहून माहीत नव्हतं; रविवारी त्या वेळी मी आत झोपलेली असायची.

वर अप्पा भिंतीसमोर उभे होते. शेजारी मोहिनीआंटी, त्याही भिंतीकडे तोंड करून. दोघांची बोटं भिंतीवर चढत होती. आंटी मोठ्यानं सिंधीत मोजत होत्या, हिकु, ब, टे, चार, पंज, आणि अप्पा त्यांच्या मागोमाग जड जिभेनं तेच आकडे म्हणत होते, चुकत होते, आणि हसत होते. त्यांचा हात खांद्याच्या वर गेला होता. मग आंटींचा हात अर्ध्यावर अडला, तशी अप्पा मान वळवून मोठ्यानं म्हणाले, ‘मोहिनीबाई, कोपर वाकवू नका. श्वास धरून ठेवू नका. अजून एकदा.’

मी खाली मशिनींच्या आवाजात उभी राहिले. माझेच शब्द होते ते, सकाळचे. त्यांत मी कधी न ऐकलेला आवाज होता. थोड्या वेळानं दोघं खाटेच्या कडेला बसले आणि अप्पा हलक्या आवाजात बोलायला लागले. काय सांगत होते ते खाली ऐकू येत नव्हतं, पण डावा हात हवेत फिरत होता, उजवा त्याला साथ द्यायचा प्रयत्न करत होता, आणि आंटी पदर तोंडाला लावून हसत होत्या. ही गोष्ट मला ठाऊक असलेल्यांपैकी असणार. बहुधा डब्यातल्या मटणाची.

मी वर गेले असते तर कुणी नको म्हटलं नसतं. आंटींनी चहा ठेवला असता. तरी पाय उचलेना. मला बरं वाटलं, वाईटही वाटलं, आणि थोडा मत्सरही वाटला. तो कसला ते आजही नीट सांगता येत नाही. माझ्या वाट्याला आलेले अप्पा आणि हे अप्पा वेगळे होते, आणि हे जास्त जिवंत होते. ऊन गॅलरीवरून सरकेपर्यंत मी भाजीवाल्याकडे उगाच मेथीच्या जुड्या निवडत राहिले.

त्याच रात्री आंटींनीच मला सगळं सांगितलं. लाटून लाटून त्यांचा खांदा आखडला होता, वेणी घालायला हात मागे जात नव्हता. डॉक्टरनं व्यायाम सांगितला होता, पण एकटीला कंटाळा. अप्पांनी दुपारी खाटेवरून ते पाहिलं आणि म्हणाले, या, मी शिकवतो, माझी मुलगी मला रोज शिकवते. ‘मी त्यांना नाही करवत बेटा,’ आंटी म्हणाल्या, ‘ते मला करवतात. एकदम मास्तर. संडे सोडून एक दिवस सुट्टी नाय देत.’ चारची वेळ कुणी ठरवली असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, उन्हानं. दोघांनी मिळून दुपारचे पापड उलटले की बोटांना पीठ असतं आणि भिंत गरम असते, हात आपोआप वर जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाची वाटी हातात घेऊन मी अप्पांना म्हटलं की दुपारी करता तेवढं पुरे आहे, सकाळचं बंद करू, तुम्ही जरा जास्त झोपा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

‘असू दे, बाय,’ ते म्हणाले. ‘सकाळचंही असू दे.’

मला वाटलं, माझं मन मोडू नये म्हणून म्हणतायत.

मग मी दुपारी घरी असण्याची खटपट केली. साहेबांना विचारून पाहिलं, की काही महिने लवकर येऊन लवकर जाऊ का. ते समजूतदार होते, पण स्टोअर्समध्ये माल संध्याकाळीच उतरायचा. नोकरी सोडण्यासारखी परिस्थिती नव्हती. राहिला रविवार. रविवारी आंटी सत्संगाला जायच्या, तेव्हा चार वाजता मी गॅलरीत अप्पांसमोर उभी राहायची. तेच ऊन, तीच भिंत. हात सकाळपेक्षा वर जायचा, पण अप्पा पुन्हा सकाळचे व्हायचे. मुकाट्यानं करायचे, झालं की विचारायचे, तू दमली असशील, पड जरा. आकडे सिंधीत मोजून बघावेत असं माझ्या मनात आलं होतं. मोजले नाहीत. ते त्या दोघांचे होते.

एवढं मात्र झालं की पिठाचे डाग मी पुसायचे थांबवले. फेब्रुवारी संपेपर्यंत ते अप्पांच्या डोक्याच्या वर गेले होते. काठी घेऊन ते जिना उतरायचे, मशिनवाल्या पोरांशी बोलून वर यायचे. हे सगळं मला संध्याकाळी कळायचं, झालेल्या गोष्टीसारखं. अप्पा पहिल्यांदा आधाराशिवाय चालले तेही चारच्या सुमाराला. आंटींनी फोन केला तेव्हा मी गोदामात बेअरिंगची खोकी लावून घेत होते. फोनवर मागून अप्पांचा आवाज येत होता, सांग तिला, सांग. मी एका हातात खोकं धरून ‘हो का, हो का’ म्हणत राहिले.

मार्चमध्ये ऊन तापलं, गॅलरीत उभं राहवेना. त्याच सुमारास आमच्या इमारतीला धोकादायक म्हणून पाटी लागली. खालच्या घरांतले खांब फुटले होते, सळया दिसत होत्या, कुणाला आश्चर्य वाटलं नाही. पावसाळ्यापूर्वी सगळ्यांनी जागा सोडायची होती. आंटींना मुलगा घ्यायला आला. जाताना त्यांनी पापडांचा मोठा डबा दिला आणि अप्पांना बजावलं की दीवार छोडना नहीं. अप्पांनी उजवा हात वर करून दाखवला. टेम्पो गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला तरी हात वरच होता.

आम्ही बदलापूरला, या शिरगावच्या फ्लॅटमध्ये आलो. घर छान, हवा चांगली, नळाला पाणी. पण गॅलरी पूर्वेला. चारच्या सुमाराला घरात सावली असायची आणि भिंती गार. काही दिवस अप्पा त्या वेळी खाली कंपाउंडमध्ये फिरून यायचे, पण तेव्हा तिथे चिटपाखरू नसायचं. सगळे पेन्शनर आपले ठरल्याप्रमाणे सकाळी. इंदूरहून अधूनमधून फोन यायचा. आंटी विचारायच्या, भाऊ, हात कुठपर्यंत? अप्पा जिथपर्यंत जायचा त्याच्या थोडं वरचं सांगायचे. मग फोनही कमी झाले. त्या थंडीत हात जिथे पोहोचला होता, तिथे तो पुन्हा कधी गेला नाही.

अप्पांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. मीही निवृत्त झाले. दुपारी चार वाजता मी घरी असते, रोज.

ते जाण्यापूर्वीची शेवटची थंडी होती. रविवार होता. मी उशिरा उठले होते. पूर्वेचं ऊन गॅलरीत आलं होतं आणि अप्पा त्यात खुर्ची टाकून बसले होते. मी जवळ बसून त्यांच्या हाताला तेल लावत होते. त्या दिवशी मला घाई नव्हती, म्हणून असेल, इतकी वर्षं मनात असलेलं मी विचारलं. म्हटलं, ‘अप्पा, उल्हासनगरला सकाळी तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलायचा नाहीत. दुपारी आंटींशी किती बोलायचात. सकाळ तुम्हाला आवडत नव्हती, तर मला सांगायचं होतं.’

त्यांना शब्द जुळवायला वेळ लागायचा. मी त्यांच्या बोटांना तेल लावत राहिले.

‘मी बोलायला लागलो की थांबत नाही,’ ते म्हणाले. ‘तुझी बस गेली असती.’

मी तेलाची वाटी खाली ठेवली. त्यांनी दोनतीनदा ओठ हलवले, मग पुन्हा बोलले.

‘सकाळ आवडायची, बाय. तू पोळ्या करून यायचीस. तुझे हात गरम असायचे.’

मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून बसले होते. पोळ्या अजून व्हायच्या होत्या, आणि माझे हात गार होते.